करवतीच्या धुरामागचे रसायन

पावसाळा सरत आला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांतून एक कर्कश घरघर ऐकू येऊ लागते. गवत कापण्याचे यंत्र, ज्याला सारेजण ‘ग्रासकटर’ म्हणतात, ते सुरू झालेले असते. लांब दांडी, तिच्या एका टोकाला गरगर फिरणारे पाते आणि दुसऱ्या टोकाला, माणसाच्या कमरेशी किंवा पाठीवर, एक चिमुकले पेट्रोल एंजिन. कापणाऱ्याच्या नाकापासून धुराच्या नळीचे अंतर फार तर दोन-तीन हात. अशा यंत्राजवळून तुम्ही कधी गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. त्या धुराला नुसता जळका वास नसतो. पेट्रोल पंपावर येतो तसला कच्च्या पेट्रोलचा वासही त्यात मिसळलेला असतो.

पेट्रोल एंजिनात जळते आणि जळलेल्याचा धूर बाहेर पडतो, असे आपण शिकलो आहोत. मग हा कच्च्या पेट्रोलचा वास कोठून आला? प्रश्न साधा आहे. पण त्याचा पाठपुरावा स्वीडनसारख्या देशात नेटाने झाला आणि त्यातून बागेतल्या व जंगलातल्या यंत्रांसाठी एक वेगळेच पेट्रोल बाजारात आले. त्याचे नाव अल्किलेट पेट्रोल. त्याची हकीगत आज आपण पाहू. तिच्यात थोडे यंत्रशास्त्र आहे, थोडे रसायनशास्त्र आहे आणि शेवटी शेवटी थोडे गणितही आहे. गणिताला घाबरू नका. वर्गमूळ काढता येत असले म्हणजे पुरे.

पंगतीचा गोंधळ

प्रथम एंजिन पाहू. मोटारीचे एंजिन चार धावांचे असते. दट्ट्या खाली येतो तेव्हा पेट्रोल व हवेचे मिश्रण आत ओढले जाते, वर जातो तेव्हा ते दाबले जाते, ठिणगी पडते, दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर जाताना जळलेला वायू बाहेर लोटतो. आत घेण्याची आणि बाहेर टाकण्याची वेळ वेगळी, झडपाही वेगळ्या. एंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते आणि तेथून सगळ्या भागांना वंगण मिळते.

आता हेच एंजिन झाड तोडणाऱ्याच्या करवतीवर बसवायचे आहे असे समजा. जंगलात वापरतात ती साखळी-करवत, म्हणजे ‘चेनसॉ’, कधी सरळ धरावी लागते, कधी आडवी, तर कधी जवळजवळ उलटी. तळातले तेल अशा वेळी जागेवर राहील काय? शिवाय यंत्र हातात पेलायचे, म्हणजे ते हलके हवे. म्हणून येथे दोन धावांचे एंजिन वापरतात. त्यात मोटारीसारख्या झडपा नाहीत आणि तेलाचे भांडेही नाही. वंगणाचे तेल सरळ पेट्रोलमध्येच मिसळायचे. साधारण प्रमाण ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. सिलिंडरच्या भिंतीला दोन प्रकारची भोके असतात. दट्ट्या खाली येताना आधी धुराचे भोक उघडते आणि जळलेला वायू बाहेर धावू लागतो. लगेच दुसरे भोक उघडते आणि दट्ट्याखालच्या पेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण आत शिरून उरलेल्या धुराला बाहेर हाकलते.

पाहा बरे, येथे काय घडते आहे. काही क्षण दोन्ही भोके एकाच वेळी उघडी आहेत! लग्नाच्या मांडवात पहिली पंगत मागच्या दाराने बाहेर पडत असतानाच पुढच्या दाराने दुसरी पंगत आत घुसली, तर जो गोंधळ होईल तोच सिलिंडरात होतो. नव्यांपैकी काहीजण लोंढ्याबरोबर न जेवताच मागच्या दाराने बाहेर पडतात. साध्या बनावटीच्या दोन-धावी एंजिनात ताज्या मिश्रणाचा सुमारे चौथा भाग, कधी त्याहूनही जास्त, असा न जळताच बाहेर जातो. तुमच्या नाकाला आलेला वास खरा होता तर. धुरात जळलेल्या पेट्रोलबरोबर अस्सल, न जळलेले पेट्रोलही असते.

मोटारीच्या धुराच्या नळीत उत्प्रेरकाची डबी बसवलेली असते. एंजिनातून निसटलेले पुष्कळसे इंधन तेथे जळून जाते. करवतीवर एवढी व्यवस्था करणे अवघड; निसटलेले इंधन एवढे असते, की ते तेथे जाळले तर डबी भयंकर तापेल, आणि ती असणार माणसाच्या हाताशी आणि वाळक्या पाल्यापाशी. हवेचा एक वेगळा थर आधी आत सोडून ताजे मिश्रण निसटणे कमी करणारी एंजिने आता निघाली आहेत आणि ती बरीच सुधारलेली आहेत. पण जगात चालू असलेल्या जुन्या, साध्या यंत्रांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापुरता नियम असा, की जे टाकीत ओतले तेच थोड्याफार प्रमाणात श्वासात येणार.

पेट्रोल म्हणजे काय?

पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. शंभराहून अधिक हायड्रोकार्बनांची ती मिसळ आहे. खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन करून, जड रेणूंचे भंजन करून आणि काही रेणूंची रचना बदलून जे जे वाहते द्रव मिळतात ते एकत्र करून पंपावरचे पेट्रोल बनते. त्यातले रेणू मुख्यतः तीन घराण्यांचे. पहिले संपृक्त साखळ्यांचे, सरळ किंवा फांद्या फुटलेल्या. दुसरे असंपृक्त, म्हणजे ज्यांच्यात कार्बनांमधला एखादा बंध दुहेरी आहे अशा ऑलिफिनांचे. आणि तिसरे बेंझीनसारख्या सहा कार्बनांच्या वलयाचे. या तिसऱ्यांना अ‍ॅरोमॅटिक म्हणतात. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या ‘भारत स्टेज ६’ मानकानुसार पेट्रोलमध्ये अ‍ॅरोमॅटिक ३५ टक्क्यांपर्यंत आणि त्यांतले बेंझीन १ टक्क्यापर्यंत चालते. युरोपातही या दोहोंच्या मर्यादा याच आहेत. १९८० च्या दशकात मात्र युरोपात बेंझिनाला ५ टक्क्यांपर्यंत मुभा होती.

बेंझीन १८२५ साली मायकेल फॅरडेने दिव्याच्या वायूच्या तेलकट अवशेषातून वेगळे केले. हे विद्युतचुंबकत्वाचे फॅरडे, रसायनशास्त्रातही ते तितकेच थोर होते. बेंझीन दीर्घकाळ श्वासात गेले तर हाडांतल्या मगजावर परिणाम होतो आणि रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. यात आता वाद राहिलेला नाही. (जाता जाता एक गंमत सांगतो. जर्मन भाषेत ‘बेन्झीन’ म्हणजे साधे पेट्रोल. आपल्या बेंझिनाला ते ‘बेन्झोल’ म्हणतात. जर्मन पुस्तक वाचताना हा घोटाळा पुष्कळांचा होतो.)

थोडा हिशेब करू. समजा, एक करवत तासाला १ लिटर पेट्रोल पिते. त्याचा चौथा भाग, म्हणजे २५० मिलिलिटर, न जळता बाहेर जातो. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन असेल तर तासाला २.५ मिलिलिटर, म्हणजे घनता ०.८८ धरून सुमारे २.२ ग्रॅम बेंझीन हवेत गेले. हे थोडे की फार? अमेरिकेत कामगारासाठी आठ तासांच्या सरासरीची जी कमाल मर्यादा आहे ती हवेच्या दहा लाख भागांत १ भाग बेंझीन, म्हणजे घनमीटरला सुमारे ३.२ मिलिग्रॅम. २.२ ग्रॅमना ३.२ मिलिग्रॅमनी भागा. उत्तर येते सुमारे ६९० घनमीटर. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच असे शाळेचे सभागृह घ्या. एका तासाचे बेंझीन त्या साऱ्या सभागृहाची हवा मर्यादेपर्यंत आणून ठेवते. जंगल म्हणजे बंद सभागृह नव्हे, तेथे वारा असतो हे खरे. पण कामगार धुराच्या मुळाशीच उभा असतो, आणि दाट झाडीत, बर्फात, वाकून काम करताना वारा हवा तेव्हा येतोच असे नाही. १९८० च्या दशकातल्या ५ टक्क्यांच्या पेट्रोलसाठी हाच हिशेब तुम्ही पाचपट करून पाहा.

स्वीडनची जंगले

स्वीडनच्या भूमीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि लाकूड व कागद हे त्या देशाचे जुने धंदे. साहजिकच करवतीच्या धुराचा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. १९८० च्या दशकात तेथील संशोधकांनी प्रत्यक्ष झाडे तोडणाऱ्यांच्या श्वासाजवळची हवा तपासली. धुरातल्या हायड्रोकार्बनांत मोठा वाटा न जळलेल्या पेट्रोलचाच आहे, हे त्या मोजणीतून दिसून आले. कार्बन मोनॉक्साइडही होताच.

आता उपाय काय? एंजिन बदलायला वर्षे लागतात. मुखवटा बांधून दिवसभर करवत चालवणे कठीण. मग टाकीत जे ओततो तेच बदलले तर? निसटायचे ते निसटू दे, पण जे निसटेल ते कमी विषारी असावे. मला ही विचाराची दिशा फार आवडते. यंत्राचा दोष मान्य करून त्याला पुरून उरणारे इंधन शोधायचे! १९८८ च्या सुमारास ‘अस्पेन’ या नावाने असे पेट्रोल स्वीडनमध्ये विकले जाऊ लागले. पुढे गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठातील रसायनज्ञांनी या पेट्रोलच्या धुराचे पृथक्करण केले. छोट्या एंजिनांच्या अल्किलेट पेट्रोलसाठी स्वीडनने स्वतंत्र मानकही ठरवले. या पेट्रोलात अ‍ॅरोमॅटिक आणि ऑलिफिन ही दोन्ही घराणी जवळजवळ नसतातच. बेंझीन ०.१ टक्क्याच्याही आत असते. म्हणजे वरच्या हिशेबातले २.२ ग्रॅम आता ०.२ ग्रॅमवर किंवा त्याहूनही खाली आले.

एवढेच नाही. बेंझीन ज्वलनातही तयार होते. टोल्यूइन म्हणजे बेंझिनाच्या वलयाला चिकटलेला एक कार्बनाचा गट. ज्वालेत तो गट तुटला की उरले बेंझीनच. टाकीत वलयेच नसतील तर हा मार्गही जवळपास बंद होतो. शिवाय उन्हात हवेतल्या रसायनांशी मिळून ओझोन आणि धुरके तयार करण्यात ऑलिफिन आणि झायलीन फार तरबेज. हवेतल्या हायड्रॉक्सिल मूलकाशी मेटा-झायलीन आयसोऑक्टेनाच्या सुमारे सातपट वेगाने विक्रिया करते.

रेणू जोडण्याची युक्ती

मग हे अल्किलेट बनवतात कसे? खनिज तेलातले नको ते गाळून टाकून नव्हे. लहान रेणू एकमेकांना जोडून.

तेलशुद्धीकरण कारखान्यात जड रेणूंचे भंजन केले की चार-चार कार्बनांचे बरेच वायुरूप रेणू मिळतात. त्यांतला एक आयसोब्युटेन, संपृक्त आणि फांदी फुटलेला. दुसरा ब्युटीन, त्यात एक दुहेरी बंध. दोघेही इतके हलके की पेट्रोलमध्ये फार घातले तर उडून जायचे. पण त्यांना तीव्र गंधकाम्लाच्या किंवा हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाच्या सान्निध्यात द्रवरूपात घुसळले, तर ब्युटिनाचा दुहेरी बंध उघडतो आणि दोन्ही रेणू एक होतात. चार अधिक चार, आठ कार्बन. हायड्रोजन दहा अधिक आठ, अठरा. हे झाले ऑक्टेन, तेही फांद्या फुटलेले. सगळेच रेणू एका साच्याचे निघतात असे नाही, पण त्यांत महत्त्वाचा आहे तो २,२,४-ट्रायमिथिल पेंटेन, ज्याला आपण आयसोऑक्टेन म्हणतो. मातीच्या गोळ्या आणि आगकाड्या घेऊन याची प्रतिकृती करा. पाच गोळ्यांची साखळी, दुसऱ्या गोळीला दोन फांद्या, चौथीला एक. शिक्षकांनी वर्गात हे जरूर करवून घ्यावे. फांद्या म्हणजे काय ते फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हाताने लवकर कळते.

ही विक्रिया १९३० च्या दशकात अमेरिकेत व्लादिमिर इपातिएफ आणि हर्मन पाइन्स यांनी दाखवून दिली. त्याआधी अ‍ॅसिडे घातली तरी संपृक्त हायड्रोकार्बने ढिम्म हलत नाहीत, अशीच रसायनज्ञांची समजूत होती. दुसऱ्या महायुद्धात विमानांना १०० ऑक्टेन अंकाचे इंधन हवे होते, म्हणून अल्किलेशनचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. ऑक्टेन अंक म्हणजे काय, हे तुम्ही ऐकले असेल. दाबले असता भलत्या वेळी आपोआप पेट घेऊन ठोके मारण्याची इंधनाची खोड किती कमी, ते मोजण्याची ही पट्टी. तिच्यावर सरळ साखळीचे हेप्टेन शून्यावर आणि आयसोऑक्टेन बरोबर १०० वर. तेव्हा अल्किलेटचा ऑक्टेन अंक चांगला असणारच. जो रेणू पट्टीवर शंभराची खूण म्हणून वापरतात, तोच तर त्याचा मुख्य घटक आहे. बाजारातल्या अल्किलेट पेट्रोलचा अंक साधारण ९३ ते ९५ असतो, कारण थंडीत एंजिन सुरू व्हावे म्हणून त्यात इतर हलकी संपृक्त हायड्रोकार्बनेही घालावी लागतात.

या युक्तीची एक काळी बाजू आहे, ती लपवणे बरे नव्हे. हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल अत्यंत घातक आहे. ते कातडीतून आत शिरते आणि त्याची वाफ फुप्फुसे जाळते. २०१९ च्या जून महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात अल्किलेशन विभागातच गळती होऊन प्रचंड स्फोट झाले आणि २ टनांहून अधिक हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल बाहेर पडले. लाकूडतोड्याचा श्वास स्वच्छ करताना कारखान्यातल्या कामगाराच्या डोक्यावर टांगती तलवार नको, म्हणून घन उत्प्रेरक आणि आयनी द्रव वापरणाऱ्या नव्या पद्धती आता कारखान्यांत उतरू लागल्या आहेत.

टाकी बदलताना

आता समजा, एखाद्या माळ्याने आपले यंत्र पंपावरच्या पेट्रोलवरून अल्किलेटवर न्यायचे ठरवले. टाकी रिकामी करून नवे इंधन ओतले, झाले काम, असे त्याला वाटेल. बहुतेक नव्या यंत्रांत तसे होतेही. पण जुन्या यंत्रात दोन ठिकाणी घोटाळा होऊ शकतो आणि दोन्हींचे कारण पदार्थविज्ञानात आहे.

पहिली जागा कार्ब्युरेटरची. त्याच्या बारीक छिद्रातून इंधन दाबाच्या फरकामुळे बाहेर पडते. दाबातील फरक कायम असेल तर द्रवाचा वेग घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पण वस्तुमान काढायला त्या वेगाला पुन्हा घनतेने गुणावे लागते. म्हणून दर सेकंदाला बाहेर पडणारे वस्तुमान घनतेच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आले. पंपावरच्या पेट्रोलची घनता ०.७४५ धरू आणि अल्किलेटची ०.६९. गुणोत्तर ०.९२६, त्याचे वर्गमूळ ०.९६२. म्हणजे स्क्रूला हात न लावता इंधन सुमारे ४ टक्के कमी जाऊ लागले.

दुसरी बाब हवेची. आयसोऑक्टेनाचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनाचे साडेबारा रेणू लागतात. ८ कार्बन डायऑक्साइड आणि ९ पाणी तयार होते. ११४ ग्रॅम इंधनाला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वस्तुमानाने २३.२ टक्के ऑक्सिजन असतो, तेव्हा हवा लागली १७२४ ग्रॅम. भागाकार १५.१. बेंझिनाच्या ७८ ग्रॅमना २४० ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे १०३४ ग्रॅम हवा, भागाकार १३.३. अ‍ॅरोमॅटिकांना हवा कमी लागते, म्हणून साध्या पेट्रोलचा आकडा साडेचौदाच्या आसपास येतो. एकीकडे इंधन ४ टक्के कमी, पण दुसरीकडे त्या इंधनाची हवेची मागणी ३ टक्क्यांनी जास्त, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधनही कमी पुरते. म्हणून मिश्रण एकूण जेमतेम १ टक्क्याने विरळ झाले. एथॅनॉलाचा हाच आकडा काढून पाहा. तो अवघा ९ येतो. म्हणून एथॅनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर बसवलेला कार्ब्युरेटर अल्किलेटवर उलट जास्त गाढे मिश्रण देईल.

विरळ मिश्रणाने काय बिघडते? दोन-धावी एंजिनात जादा इंधन दोन कामे करते. वाफ होताना ते दट्ट्या थंड ठेवते आणि वंगणाचे तेलही त्याच्याबरोबरच आत येते. इंधन घटले की उष्णता वाढते आणि तेल कमी पडते. मग दट्ट्या फुगून सिलिंडरात अडकतो. मेकॅनिकच्या भाषेत, एंजिन ‘सीझ’ होते. म्हणून इंधन बदलल्यावर कार्ब्युरेटरचा पूर्ण वेगाचा स्क्रू थोडा उघडून मिश्रण पुन्हा नीट बसवावे लागते, आणि हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. काही नव्या करवतींत हे काम यंत्र स्वतःच करते.

दुसरी जागा रबराची. अ‍ॅरोमॅटिक द्रव्ये रबराच्या साखळ्यांमध्ये शिरतात आणि रबर फुगवतात. वर्षानुवर्षे पंपाचे पेट्रोल पिऊन जुन्या नळ्या आणि वायसर फुगलेले असतात व तशाच अवस्थेत घट्ट बसलेले असतात. अल्किलेट आले की आत शिरलेली द्रव्ये हळूहळू बाहेर पडतात, रबर आकसते, आणि जी जागा काल सुकी होती तेथून थेंब गळू लागतो. दोष नव्या इंधनाचा नाही, जुन्या सवयीचा आहे. नळी बदलली की भागते. पण गळणारे पेट्रोल आणि तापलेले यंत्र यांची गाठ पडू देऊ नये. अल्किलेट काही कमी ज्वालाग्राही नाही.

साठवणुकीत मात्र अल्किलेटचा हात कोणी धरणार नाही. पंपाचे पेट्रोल काही महिने टाकीत राहिले की त्यातले ऑलिफिन हवेतल्या ऑक्सिजनाशी संयोग पावून चिकट डिंकासारखा थर देतात आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजतात. एथॅनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढते आणि पाणी फार झाले की एथॅनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळे होतात. वर्षातून दोन महिने वापरायचे आणि दहा महिने पडवीत ठेवायचे यंत्र पुढच्या हंगामात दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते. अल्किलेटमध्ये डिंक होणारे काही नाही आणि पाणी ओढणारेही नाही. बंद डब्यात ते काही वर्षे टिकते.

जे बदलत नाही ते

अल्किलेटने कार्बन मोनॉक्साइड नाहीसा होत नाही. तो ज्वलन अपुरे झाल्याने होतो, आणि अपुरे ज्वलन कोणत्याही हायड्रोकार्बनाचे होऊ शकते. तेव्हा ‘स्वच्छ पेट्रोल’ आहे म्हणून बंद शेडमध्ये एंजिन चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. कार्बन डायऑक्साइडही जवळजवळ तेवढाच. १ किलोग्रॅम आयसोऑक्टेन जळले की ३.१ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड, वाटल्यास वरच्या समीकरणावरून ताडून पाहा. कानठळ्या आणि हाताला येणाऱ्या मुंग्या तशाच. वंगणाच्या तेलाचा धूरही काही प्रमाणात राहतोच.

आणि किंमत! युरोपात अल्किलेट पेट्रोल पंपाच्या पेट्रोलच्या दुप्पट-तिप्पट भावाने, बंद डब्यांतून विकले जाते. घरची बाग राखणाऱ्याला वर्षाला पाच-दहा लिटर लागतात, त्याला हा भुर्दंड जाणवत नाही. दिवसाला पाच लिटर जाळणाऱ्याला चांगलाच जाणवतो. पण धूर सर्वांत जास्त जातो तो त्याच्याच छातीत. हा खर्च मालकाने करावा की कामगाराने, असे कोणी मला विचारले तर मी मालकाकडे बोट दाखवीन.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने वेगळी वाट धरली. तेथील हवा मंडळाच्या हिशेबानुसार पाला उडवण्याचे व्यावसायिक पेट्रोल यंत्र एक तास चालले तर धुरके करणारी जेवढी प्रदूषके बाहेर पडतात, तेवढी २०१७ सालची साधी मोटार सुमारे १,७७० किलोमीटर चालवल्यावर पडतील. २०२१ साली तेथे कायदा झाला आणि २०२४ पासूनच्या नव्या बहुतेक लहान यंत्रांना धूर शून्य असण्याची अट लागू झाली. म्हणजे तेथे बॅटरीची यंत्रे आली. घराच्या बागेपुरती ती उत्तम आहेत. दिवसभर जंगलात, विजेपासून दूर राबणाऱ्या करवतीला मात्र बॅटऱ्यांचा ढीग पाठीवर घेऊन जावे लागते.

आपल्याकडे अल्किलेट तयार होत नाही असे मात्र समजू नका. गुजरातमधील जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात अल्किलेशनचा मोठा विभाग आहे. तयार झालेले अल्किलेट इतर द्रवांबरोबर मोटारींच्या पेट्रोलमध्ये मिसळले जाते, म्हणजे नळीत उत्प्रेरकाची डबी असलेल्या एंजिनांकडे त्यातले पुष्कळसे जाते. ग्रासकटरच्या टाकीत पंपावरचीच मिसळ येते, आणि २०२५ पासून तिच्यात सुमारे २० टक्के एथॅनॉल असते. तोवर हे यंत्र वापरणाऱ्याला करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. वारा पाठीशी न घेता बाजूने येईल असे उभे राहावे, तेल ठरल्या प्रमाणातच मोजून घालावे, हंगाम संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत एंजिन चालू ठेवावे, आणि टाकी भरताना तोंड तिच्यावर आणू नये.